विद्यापीठाचं नाव कळलं, मुलीचं मत कळलं नाही

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलीला नामांकित विद्यापीठात रसायनशास्त्राला प्रवेश मिळालाय, तिला हवं ते संख्याशास्त्र फारसं नाव नसलेल्या कॉलेजात शिष्यवृत्तीसकट मिळतंय, आणि तुम्ही विचारताय तिची समजूत कशी काढू. पण शेवटी सहज लिहून गेलात, "सध्या ती आमच्याशी बोलत नाही, पुढे आभार मानेल." मला मार्कांची नाही, या वाक्याची काळजी वाटते. अठरा वर्षांची मुलगी अशी गप्प होते तेव्हा बहुतेक वेळा तिचं सांगून झालेलं असतं आणि कोणी ऐकलेलं नसतं. "नातेवाइकांना काय सांगू" हे पत्रात दोनदा आलंय, तिला संख्याशास्त्र का आवडतं ते एकदाही नाही. राग मानू नका, पण हा प्रवेश तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त हवाय.

आता तुमचा तो ठाम समज, की मोठं नाव लागलं की जन्मभर कमाई जास्त. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रुगर यांनी २००२ साली हेच तपासलं, सारख्याच तोडीच्या कॉलेजांत प्रवेश मिळालेली मुलं घेतली, काही मोठ्या नावाकडे गेली काही दुसरीकडे, आणि पुढे दोघांची कमाई साधारण सारखीच निघाली, म्हणजे हुशारी मुलांची होती आणि श्रेय कॉलेजला जात होतं. अपवाद गरीब घरातल्या मुलांचा, त्यांना नावाचा खरंच फायदा झाला, बहुधा घरून ओळखीपाळखी मिळत नाहीत त्या तिथे मिळतात म्हणून. २०२३ मध्ये तिथल्याच अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनाही मोठ्या नावामुळे सरासरी कमाईत फारसा फरक दिसला नाही, फक्त अगदी वरच्या एक टक्का कमाईवाल्यांत पोचायची शक्यता जवळपास दीडपट झाली. म्हणजे नाव अगदीच फुकट नाही, काही मोजक्या कंपन्यांची दारं त्याने उघडतात, हे मी नाकारत नाही. पण तुम्ही दोघं शिकलेले, चांगल्या नोकरीत, त्यामुळे गरीब घराचा अपवाद तुम्हाला लागू नाही, आणि नावडत्या विषयात कसेबसे पास होणाऱ्याला ती दारं तशीही उघडत नाहीत.

"आत गेल्यावर विषय बदलू" हा बेत धोक्याचा आहे. बदलायची सोय असलीच तरी जागा थोड्या असतात आणि बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे मार्क बघतात, ते मार्क तिने नको असलेल्या विषयात आणायचे! नाव हवंच असेल तर पदवीनंतर प्रवेश परीक्षा देऊन मास्टर्सला जाता येतं.

तिला त्या दुसऱ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांशी बोलू द्या, शिकवतं कोण, प्रोजेक्ट काय असतात, नंतर मुलं कुठे गेली, आणि फोन तिनेच करू दे, तुम्ही शेजारी बसू नका. तिथे खरंच शिकवत नसतील तर मी माझं मत बदलेन. तुम्ही एवढंच करा, शिष्यवृत्ती टिकवायला दरवर्षी किती मार्क लागतात ते लेखी मागून घ्या, आणि मुदत संपत आली असेल तर आधी ती जागा पक्की करा.