वाचक विचारतात : नांदूरमध्यमेश्वरला कधी जावे?

प्रश्न : डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो, पण पक्षी लांब, ठिपक्यांएवढेच दिसले. हंगाम चुकला का? उन्हाळ्यात, पावसाळ्यात जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : हंगाम बरोबर होता, पाणी जास्त असावे. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, त्यातून उथळ पाणी आणि बेटे तयार झाली. २०२० साली रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेली ही पाणथळ जागा त्या गाळाचीच देणगी. पण पातळी ठरते सिंचनाच्या आवर्तनावर. थापट्या आणि तलवार बदक पाण्यात मुंडी घालून खातात, त्यांना गुडघ्याखालचेच पाणी चालते. तुतारी, चिखल्या या छोट्या काठपक्ष्यांना तर नुसता ओला चिखल हवा. पाणी फूटभर चढले की ही मंडळी पलीकडच्या काठाला जातात आणि समोर उरतात वारकरी नावाचे काळे पाणपक्षी. म्हणून निघण्याआधी चापडगावच्या गाइडला ‘पक्षी आलेत का’ असे विचारू नका (उत्तर ‘हो’च येणार!). ‘चिखल उघडा आहे का’ हे विचारा.

वेळही सांभाळा. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) रात्री-पहाटे शेतात हरभऱ्यावर चरतात आणि उजाडले की पाण्यावर येऊन बसतात. त्यांचे थवे उतरताना पाहायचे तर उजाडण्याआधी काठावर हवे, आणि सूर्य पाठीशी. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते. मग कितीही महागडी दुर्बीण असो, पिसांचे तपशील दिसत नाहीत.

एप्रिल-मेमध्ये जायला हरकत नाही, पण कोरड्या पडलेल्या पात्रात उतरू नका. टिटवी आणि नदी सुरय उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची असल्याने पायाखाली आली तरी कळत नाहीत.

पावसाळ्यात स्थलांतरित बदके नसतात, पण कमळपक्ष्याची लांब शेपटी तेव्हाच पाहायला मिळते आणि काठच्या बाभळींवर सुगरणींची घरटी लटकतात. गाडी मात्र डांबरी रस्त्यावरच ठेवा. काळ्या मातीत चाक रुतले की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. वरच्या धरणांतून विसर्ग चालू असेल तर काठाकडे फिरकूच नका.

प्रश्न : पहिली दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×४२?

उत्तर : ८×४२. (पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.) दहापटीत हाताचा कंपही दहापट दिसतो आणि दृश्याची रुंदी कमी होते, त्यामुळे उडता पक्षी सापडेपर्यंत निघून जातो. शिवाय ८×४२ मधून डोळ्यात येणारा प्रकाशझोत सुमारे ५ मिलिमीटरचा असतो, १०×४२ मधून ४ चा. पहाटेच्या अंधुक उजेडात तो फरक जाणवतो.