'ऑप', 'आन' आणि शर्टाचं बटण

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका आईचा प्रश्न आहे. साडेतीन वर्षांची लेक पाळणाघरात डच शिकतेय. भिंतीवरचं चित्र असो की कोटाचं बटण, सगळीकडे 'ऑप' म्हणते. घरच्या मराठीमुळे गोंधळतेय का?

नाही. अस्सल डच घरातली पोरंही हेच करतात. डचमध्ये खरं तर कप टेबलावर असला की 'ऑप', चित्र खिळ्याला टांगलं की 'आन', अंगठी बोटात गेली की 'ऑम'. पोरं 'ऑप' लवकर उचलतात आणि बाकी दोघांची कामंही त्यालाच लावतात. नेइमेगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या भाषासंशोधक मेलिसा बावरमन यांचा डीड्रे गेंटनर यांच्यासोबतचा २००९ चा निबंध याच घोळावर आहे.

पण आधी 'ऑप म्हणजे इंग्रजीतलं ऑन, एकच शब्द' हे एकमेकांना शिकवणं बंद करा बरं! 'ऑन'चं सख्खं भावंड 'आन'. 'ऑप' हा 'अप'चा भाऊ, आणि गंमत म्हणजे आपल्या संस्कृत 'उप'चाही. त्याच घरातलं 'उपरि', त्यातून मराठीत आलं 'वर'. डच 'ओव्हर' याच 'उपरि'चा चुलतभाऊ. 'ऑप टाफेल' आणि 'टेबलावर' इतके जवळचे निघतात.

गेंटनर-बावरमन म्हणतात, 'ऑप-आन' हा भेद जगातल्या भाषांत विरळा, म्हणून मनाला अवघड. मला नाही पटत. टेबलावर कप, पण दाराला कडी, फांदीला कैरी, शर्टाला बटण. मराठी पोर कुठे अडतं? माझ्या मते गोची आहे ती 'आन'च्या जोडधंद्यांत. दिवा लागला की 'आन', कोट अंगात गेला की 'आन'. टोपी मात्र 'ऑप' आणि मफलर 'ऑम'! आपण टोपी घालतो, कोटही घालतो आणि मोकळे होतो. 'ऑप'लाही इतर कामं आहेत, ताटातलं संपलं तरी 'ऑप'च, असं कोणी म्हणेल. असतील, पण टोपी निदान डोक्यावर दिसते. पेटलेल्या दिव्यात आणि घातलेल्या कोटात टांगल्यासारखं काय दिसतं?

चित्राचं म्हणाल तर 'भिंतीवर' आपणही म्हणतो, तेव्हा तो 'ऑप' सोडून द्या. बटणाकडे लक्ष ठेवा. घरी ती 'शर्टाला बटण' म्हणत असेल, तर 'वर' आणि 'ला' तिला वेगळे कळतात; डचमध्ये 'आन' तेवढा सापडायचा राहिलाय.