पिट्सबर्गजवळच्या जुन्या रेल्वेमार्गावरून २४० किलोमीटर सायकल: बावन्नाव्या वर्षी जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, राहणार कोथरूड, आठवड्यातून दोनदा खडकवासल्यापर्यंत सायकल, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. सप्टेंबरअखेर मुलीकडे पिट्सबर्गला येताय. जावई म्हणतात, ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ सपाटच आहे, दोन दिवसांत उरकू. जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

जमेल. दोन दिवसांत मात्र नको. या एका बाबतीत जावयाचं ऐकू नका.

मी या भागातच राहते. हा रस्ता पूर्ण दोनदा केलाय, आणि तुकड्यातुकड्यांनी किती वेळा ते मोजायचं सोडून दिलंय. पहिल्यांदा गेले तेव्हा ४६ वर्षांची होते. त्याआधी नियमित सायकल चालवली होती ती थेट कॉलेजात असताना, तीही डेक्कनपर्यंत. म्हणजे तुमची तयारी माझ्यापेक्षा कितीतरी बरी आहे.

गुडघ्याचं आधी बोलू. हा रस्ता मालगाड्यांसाठी आखलेला आहे, आणि लोखंडी रुळावरून लोखंडी चाक फारसा चढ चढू शकत नाही. आपल्या बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, तर तेवढ्यासाठी कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. इथे मेरीलँडमधल्या कंबरलंडकडून चढलात तर ३८ किलोमीटरमध्ये साधारण ५४० मीटर, म्हणजे सरासरी ७० फुटांना एक फूट. माथ्यापासून पिट्सबर्गपर्यंतच्या २०० किलोमीटरमध्ये तर उतरता फक्त ५१० मीटरच्या आसपास. ४०० फुटांना एक फूट! खडकवासल्याच्या वाटेवर याहून जास्त चढउतार असतील.

आता जावई जे सांगायला विसरले ते. घाटात आपण चढताना दमतो, कधी पेडलवर उभे राहतो, माथ्यावर चहा पितो आणि उतारावर पाय सोडून देतो. शरीराला बदल मिळतो. इथे तसं काहीच होत नाही. पृष्ठभाग चुनखडीच्या बारीक, दाबलेल्या खडीचा. त्यावर तो नाममात्र उतार चाकाला जाणवतसुद्धा नाही. पेडल मारणं थांबवलंत की पाच-दहा सेकंदांत सायकल रेंगाळते. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत तीच बैठक, तीच पकड, तोच वेग. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पाय ठणठणीत होते. सायकलवर बसताना मात्र डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि उजव्या हाताची करंगळी दुपारपर्यंत बधिर होती. गुडघा तुम्हाला दगा देणार नाही. दगा देईल बूड.

दिशेबद्दल इथे दोन तट आहेत. बरेच जण पिट्सबर्गहून निघतात: दोनशे किलोमीटर न कळणारा चढ, मग शेवटी कंबरलंडपर्यंत खराखुरा उतार. मी उलट्या पंथाची. कंबरलंडहून निघा. ताज्या पायांनी पहिल्याच दिवशी चढ संपतो आणि मग तुम्ही पाण्याबरोबर चालता: आधी कॅसलमन नदी, ती यॉकिगेनीला मिळते, यॉकिगेनी मनोंगहीलाला, आणि पिट्सबर्गच्या टोकाला मनोंगहीला व अ‍ॅलेगेनी एकत्र येऊन ओहायो होते. एक संगम झाला की पुढच्या संगमाची वाट बघायची, असा प्रवास आहे. कृष्णा-कोयनेच्या मुलखातला माणूस असेल तर त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. (यॉकिगेनीचं स्पेलिंग बघून घाबरू नका. इथले लोक नुसतं ‘यॉक’ म्हणतात.)

कंबरलंडला पोचायला दोन सोयी आहेत. माणसं आणि सायकली घेऊन जाणाऱ्या खासगी व्हॅन मिळतात, आणि अ‍ॅमट्रॅकची एक गाडी पिट्सबर्गहून पहाटे निघून कॉनेल्सव्हिलवरून कंबरलंडला जाते. गाडीत सायकलसाठी वेगळं आरक्षण आधीच करावं लागतं. पहाटेच्या अंधारात सायकल घेऊन स्टेशन गाठायची हौस नसेल तर व्हॅन बरी.

मी तुमच्या जागी असते तर चार दिवस ठेवले असते. पहिला मुक्काम मायर्सडेल (५१ किलोमीटर), दुसरा ओहायोपाइल (६४), तिसरा वेस्ट न्यूटन (६८), चौथ्या दिवशी पिट्सबर्ग (५८). वाटेवर मैलाचे खांब आहेत. शून्य कंबरलंडला, दीडशे पिट्सबर्गला. मैलांची सवय नसते म्हणून सांगते, पहिल्या दिवशी ते खांब फार सावकाश येतात.

पहिल्या दिवशी फ्रॉस्टबर्गपर्यंत शेजारून पर्यटकांची हौशी रेल्वे धावते, एक बोगदासुद्धा तिच्यासोबत वाटून घ्यावा लागतो. त्यापुढे रूळ संपतात. मग मेसन-डिक्सन रेषा ओलांडून तुम्ही पेनसिल्व्हेनियात शिरता, आणि लगेच बिग सॅव्हेज बोगदा. लांबी १००४ मीटर. आत दिवे आहेत, पण उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं काही म्हणजे काही दिसत नाही. मी तर गॉगल काढायलाच विसरले होते आणि ‘दिवे गेले वाटतं’ असं नवऱ्याला ओरडून सांगत होते. आत गारठा असतो, छत ठिबकतं. हिवाळ्यात आत बर्फ धरून अस्तर फुटू नये म्हणून साधारण डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दोन्ही तोंडांना दारं लावून बोगदा बंद ठेवतात. तुम्ही सप्टेंबरात येताय, तेव्हा काळजी नाही. आत शिरण्याआधी मागे वळून बघा. संपूर्ण वाटेतला सगळ्यात मोकळा देखावा तिथे आहे आणि घाई करणारे तो हमखास चुकवतात.

बोगद्यापासून थोड्याच अंतरावर माथा, ७२९ मीटर. एका छोट्या पुलाखाली पाटी आहे. इथून पूर्वेला पडलेला पाऊस पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरात आणि अटलांटिकला जातो, पश्चिमेला पडलेला ओहायो-मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखाताला. सह्याद्रीच्या धारेवर उभं राहून एक थेंब अरबी समुद्राला आणि दुसरा बंगालच्या उपसागराला जातो असं शाळेत शिकलो होतो, तेच. फक्त इथे धार दिसत नाही. पाटी नसती तर कळलंही नसतं.

मायर्सडेलच्या अलीकडे सॉल्सबरीचा पूल येतो, ५८२ मीटर लांब, १९१२ सालचा. वर वारा इतका की टोपी सांभाळावी लागते. खाली शेतं, महामार्ग, कॅसलमन आणि आजही चालू असलेली रेल्वे. ही चालू रेल्वे लक्षात ठेवा, ती पुढे दिवसेंदिवस तुमच्या सोबत असते. तुम्ही एका काठावर, आणि नदीपलीकडे सीएसएक्सच्या मालगाड्या, शंभर-शंभर डब्यांच्या. पहिल्या रात्री मला वाटलं, एवढी जवळ रेल्वे असताना हा मार्ग बंद का पडला? उत्तर त्या पलीकडच्या रुळांतच आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने कंबरलंड ते कॉनेल्सव्हिल हा फाटा १९१२ मध्ये सुरू केला तो आधीच्या बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेशी स्पर्धा करायला, त्याच दरीत, बरेचदा समोरच्याच काठावर. पुढे दोन्ही कंपन्या चेसी सिस्टिम नावाच्या एकाच मालकीखाली आल्या. एका मालकाला एका दरीत दोन रेल्वे कशाला हव्यात? १९७५ मध्ये हा फाटा सोडून दिला. एकत्र कुटुंबात दोन मिक्सर झाल्यावर एक माळ्यावर जातो, तसं.

रूळ निघाले, भराव आणि पूल राहिले. सायकलवाटेचा पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ खुला झाला. शेवटची फट, पिट्सबर्गच्या उंबरठ्यावरची, बुजायला २०१३ उजाडलं. मधल्या २७ वर्षांत एकेक पूल, एकेक बोगदा. वापरायला आजही एक पैसा लागत नाही.

दुसरा दिवस सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात एकाकी. कन्फ्लुअन्स या गावाचं नावच संगम. कॅसलमन, यॉक आणि लॉरेल हिल क्रीक तिथे भेटतात. तिथून ओहायोपाइल १६ किलोमीटर, डाव्या-उजव्या हाताला जंगल, खाली नदी, आणि फोनला रेंज नाही. माझं मागचं चाक नेमकं तिथेच बसलं. ट्यूब होती, पंपही होता, पण चाक खोलायचा पाना घरी राहिला होता. नवरा दोन मैल पुढे. पाऊण तास उभी होते. शेवटी एक सत्तरीचे आजोबा आले, काही न विचारता खाली बसले, त्यांच्या पिशवीतून पाना काढला, ट्यूब बदलली आणि मला म्हणाले की नवरा पुढच्या बाकावर बसून सँडविच खातोय. पुढचं मी इथे लिहीत नाही. तेव्हा पाना, दोन ट्यूब, पंप प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायचे, ‘त्यांच्याकडे आहे’ चालत नाही.

ओहायोपाइलला धबधबा आहे. १७५४ मध्ये बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन लष्करासाठी जलमार्ग शोधत यॉकमधून आला होता; हा धबधबा बघून परत फिरला. तुम्ही फिरू नका, गावात राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी नसताना गावापुढच्या उंच पुलावर दहा मिनिटं उभे राहा. पुढचे २७ किलोमीटर कॉनेल्सव्हिलपर्यंत मध्ये गाव नाही, पाणी भरून घ्या.

कॉनेल्सव्हिलनंतर दरीचा स्वभाव बदलतो. इथे खाणींचा कोळसा भट्ट्यांत भाजून कोक करायचे आणि तो पिट्सबर्गच्या पोलादाला जायचा. तुमच्या चाकाखालचा मार्गही इथून पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेचा, याच मालासाठीचा. वाटेत एका ठिकाणी कड्यावरून पाणी झिरपतं आणि खालचा दगड नारिंगी-तांबडा झालेला दिसतो. बघणारे ‘किती छान’ म्हणून फोटो काढतात. मीही काढला होता. ते बंद खाणीतून येणारं लोहमिश्रित, आम्लधर्मी पाणी आहे. याच काठावर स्मिथटनजवळ डार खाण होती. १९ डिसेंबर १९०७ ला तिथे स्फोट झाला आणि २३९ माणसं गेली, त्यांत पुष्कळ हंगेरीहून आलेली. त्या दिवशी जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे संत निकोलसचा सण होता, म्हणून बरेच खाणकामगार चर्चला गेले होते, ते वाचले. हे मला पहिल्या खेपेला माहीत नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिथे गप्पा आपोआप थांबल्या.

शेवटचा दिवस मकीजपोर्ट, होमस्टेड असा जुन्या पोलाद कारखान्यांच्या जागांमधून जातो. डांबरी रस्ता, दुकानं, माणसं. मला तो तितका आवडत नाही, पण शहर हळूहळू जवळ येताना बरं वाटतं.

आता फुटकळ. पाऊस आला तर खडीची पातळ राखाडी लापशी होते आणि साखळीत जाऊन सिमेंटसारखी बसते; संध्याकाळी बाटलीतल्या पाण्याने साखळी धुऊन तेल द्या. मडगार्ड असलेली सायकल घ्या. गवतात बसू नका, इथले गोचीड लाइम नावाचा आजार देतात. रोज रात्री पाय, काखा, कानामागे बघायचं. पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवून ‘ऑन युअर लेफ्ट’ म्हणायचं, नाहीतर लोक दचकतात. लहान गावांतली खानावळ सोमवारी-मंगळवारी बंद असू शकते, आणि शाकाहारी असाल तर चालू असूनही उपयोग बेताचाच. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की नेतो. मुलीला आधी सांगून ठेवा.

सायकल भाड्याने मिळते, पुण्याहून आणायची गरज नाही. सीट मात्र तुमची रोजची आणा. साध्या पान्याने पाच मिनिटांत बसते, सामानात जागा फारशी खात नाही. जावई हसतील. तिसऱ्या दिवशी वेस्ट न्यूटनला विचारा त्यांना, अदलाबदल करायची का.