गाडीघोडे : कोंबायचं तर कोंबीच

प्रश्न : नमस्कार, आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. मी, बायको, मुलगा ६ वर्षांचा आणि मुलगी ११ महिन्यांची. चार वर्षं बस-ट्रेनवर काढली पण आता बाबागाडी, डायपरची बॅग, मुलाची छोटी सायकल हे सगळं घेऊन एस-बानमध्ये चढायचं म्हणजे रोजची कसरत झालीये. गेल्या महिन्यात इथली लायसन्सची परीक्षा पास झालो एकदाचा. बजेट १४-१५ हजार युरो, सेकंडहँडच घ्यायचीये. वर्षाला फार तर १२ हजार किलोमीटर होतील, ऑफिस ५ किलोमीटरवर. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी येतायत. मित्र म्हणतात एसयूव्ही घे, आई-बाबांना चढाय-उतरायला बरी पडते. ऑफिसमधले जर्मन म्हणतात कोंबी (म्हणजे स्टेशन वॅगन) घे आणि घ्यायची तर डिझेलच. बायको म्हणते टोयोटा घे आणि विषय संपव. भरवशाची आणि खिशाला परवडणारी कुठली घ्यावी?

उत्तर : वहिनी बरोबर बोलतायत, पण नुसतं तेवढं लिहून थांबलो तर संपादक मला पुढच्या अंकात जागा देणार नाहीत, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी डोकी मोजा. तुम्ही दोघं, दोन मुलं, आई-बाबा, झाले सहा. कोंबीत बसतात पाच. एसयूव्हीतही पाचच, सात सीटवाली सोडली तर. म्हणजे ज्या आई-बाबांसाठी म्हणून हा सगळा खल चाललाय ते आले की तुमच्या घरातलं एक माणूस तसंही गाडीबाहेर राहणार. त्यात मागे दोन चाइल्ड सीट लागल्या की मध्ये उरते ती जागा पुस्तक ठेवण्यापुरती, तिथे आईंना बसवून बोडेनझे तलावापर्यंत नेऊन आणा आणि मग बघा घरात काय वातावरण असतं ते. आणि हे लवकर संपणारंही नाहीये, इथे मूल १२ वर्षांचं किंवा दीड मीटर उंच होईपर्यंत चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच. तर माझं म्हणणं असं की तीन महिन्यांसाठी उरलेले नऊ महिने सात सीटची गाडी ओढत बसू नका. आई-बाबांना महिन्याचं डॉइचलँड-टिकेट (देशभरच्या लोकल ट्रेन-बसचा पास) काढून द्या, ते खूश होतात, माझे बाबा तर इथल्या बसचं टाइमटेबल माझ्यापेक्षा जास्त पाठ करून परत गेले. आणि सगळ्यांनी मिळून एक मोठी ट्रिप करायची असेल त्या आठवड्यापुरती नऊ सीटची व्हॅन भाड्याने घ्या.

आता कोंबीच का. आपल्या लोकांच्या मनात ना स्टेशन वॅगनबद्दल एक अढी आहे. टाटा इस्टेट आली १९९२ला, मग बलेनो अल्टुरा आली, २००४ला इंडिगो मरिना आली, सगळ्या आल्या तशा गेल्या, कारण लोक म्हणायचे ही काय ॲम्ब्युलन्ससारखी दिसते. इथे उलट आहे, इथे कोंबी ही मुलंबाळंवाल्या घराची रोजची गाडी, आणि नावच बघा ना, ज्यात कोंबता येतं ती कोंबी, याहून मराठी नाव कुठल्या गाडीला असेल! श्कोडाच्या ऑक्टाविया कोंबीची डिकी ६१० लिटरची (२०१३ ते २०२०चं मॉडेल, त्यानंतरचीची ६४०) आणि तिच्याच घराण्यातल्या फोक्सवागन टी-रॉक नावाच्या छोट्या एसयूव्हीची (पहिलं मॉडेल) ४४५. शिवाय कोंबीच्या डिकीचा काठ खाली असतो, २३ किलोची बॅग छातीपर्यंत उचलावी लागत नाही, आणि आई-बाबा दोघं येणार म्हणजे अशा चार बॅगा, त्यातल्या दोन नुसत्या चितळ्यांच्या. उंचीचं म्हणाल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला एसयूव्हीत बसणं सोपं जातं हे खरंय, त्यात वाद नाही. पण वापर तीन महिन्यांचा आहे, आणि पुढची सीट त्यांना दिली, जरा वर करून मागे सरकवली की काम भागतं.

डिझेल. नको. ऑफिस ५ किलोमीटरवर आहे हे तुम्हीच लिहिलंय, तिथेच डिझेलचा निकाल लागला. डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, तो अधूनमधून चांगला तापला की आतली काजळी जळून साफ होतो, आणि तापायला गाडी सलग वीसेक मिनिटं तरी जोरात पळावी लागते. पाच किलोमीटरमध्ये इंजिनच धड गरम होत नाही तर फिल्टर कुठला. मी स्वतः हे केलंय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय. जर्मनीत आल्यावर दुसऱ्याच वर्षी स्वस्तात मिळाली म्हणून एक मोठी डिझेल कोंबी घेतली, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही कारण चूक गाडीची नव्हतीच, माझं ऑफिस चार किलोमीटरवर होतं. सव्वा वर्षात दिवा लागला, मग अजून एक दिवा लागला, मग गाडीने जोरच धरेना, आणि वर्कशॉपवाल्याने कागदावर जो आकडा लिहून दिला तो बघून मी आधी समजलो की कॉमा चुकीच्या जागी पडलाय. तुमचे ऑफिसवाले चूक नाहीत हं, ते वर्षाला ३० हजार किलोमीटर करत असतील तर त्यांचं डिझेल बरोबरच आहे. शिवाय टॅक्स बघा. इथे पेट्रोलला दर १०० सीसीमागे २ युरो आणि डिझेलला साडेनऊ, म्हणजे २ लिटरच्या डिझेलला नुसत्या इंजिनाचे १९० आणि दीड लिटरच्या पेट्रोलला ३०, कार्बनचा भाग दोन्हीकडे वेगळा. आणि तुम्ही राहता श्टुटगार्टजवळ, त्या शहरात जुन्या डिझेल गाड्यांना २०१९पासून बंदी आहे, ‘युरो ४’ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना आधी आणि मग शहराच्या मधल्या भागात युरो ५लाही. स्वस्तात दिसणाऱ्या डिझेल गाड्या बऱ्याचदा याच असतात.

मग घ्यायची कुठली? तुमच्या पैशात टोयोटाची ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड येते, २०१६-१८ची. हिच्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, टायमिंग बेल्ट नाही, म्हणजे जे बिघडून आपल्याला पैसे घालावे लागतात त्यातलं अर्धं तिच्यात मुळात बसवलेलंच नाही. गावात पाच किलोमीटर रोज, हे तर तिचं माहेर. सर्व्हिस कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये करत राहिलात तर दर सर्व्हिसला वॉरंटी पुढे सरकते, अगदी १५ वर्षांपर्यंत. डिकी ५३० लिटर, कोंबीच्या मानाने कमीच, आणि ऑटोबानवर जोरात दाबलीत की इंजिन मिक्सरसारखं ओरडतं. हिची पुढची पिढी कोरोला टूरिंग स्पोर्ट्स, १.८ला ५९६ लिटर, गाडी सगळ्याच बाबतीत सरस, पण ती तुमच्या बजेटच्या जरा वर जाते.

दुसरी ऑक्टाविया, २०१७नंतरची, पेट्रोल, १.० किंवा १.५. जागा भरपूर. फक्त दोन गोष्टी. २०१३च्या आधीच्या मॉडेलमधली १.२ आणि १.४ टर्बो पेट्रोल घेऊ नका, त्यांच्या टायमिंग चेनच्या तक्रारी फार, नंतरच्यांना बेल्ट आला आणि कटकट मिटली. आणि छोट्या इंजिनांबरोबर येणारा सात गिअरचा कोरड्या क्लचचा ऑटोमॅटिक, तो जुना झाला की ट्रॅफिकमध्ये धक्के द्यायला लागतो, तेव्हा ऑटोमॅटिक घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी पाच-साडेपाचला मागा, मोकळ्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात.

तिसरी किया सीड स्पोर्ट्सवॅगन, २०१८नंतरची, ६२५ लिटर. दिसायला साधी, विकायला गेलं की भाव कमी येतो, म्हणजे विकत घेणाऱ्याचा फायदा. सात वर्षांची किंवा दीड लाख किलोमीटरची वॉरंटी असते, सर्व्हिस वेळेवर झालेली असली की मालक बदलला तरी ती गाडीबरोबर येते. मला विचाराल तर तुमच्या बजेटमध्ये हीच सगळ्यात शहाणपणाची, पण वहिनींना टोयोटा हवीये, आणि मी कुणाच्या घरात भांडण लावत नाही.

यांच्यापेक्षा हजार-दोन हजार युरोने स्वस्त दिसतील त्या प्युजोच्या किंवा ओपलच्या १.२ प्युअरटेक इंजिनाच्या. चालवायला छान, पण बरीच वर्षं त्यांचा टायमिंग बेल्ट इंजिनच्या तेलात भिजलेला असायचा, तो झिजून त्याचा भुगा तेलाच्या जाळीत अडकतो आणि मग पुढची गोष्ट ऐकवत नाही. कंपनीने अशा इंजिनांना १० वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत कव्हर दिलं, पण सर्व्हिसचे कागद पूर्ण हवेत. कागद नसतील तर हात जोडा आणि पुढे चला.

हायब्रिडसाठी किती जास्त द्यायचे हाही हिशोब करा, बरेच लोक इथे फसतात. १२ हजार किलोमीटरला साधी पेट्रोल १०० किलोमीटरमागे ६ लिटर घेते धरा आणि हायब्रिड ५. ७२० लिटर आणि ६०० लिटर. फरक १२० लिटर, पावणेदोन युरोच्या भावाने वर्षाला २१०. म्हणजे नुसतं पेट्रोल वाचेल म्हणून तीन हजार जास्त मोजलेत तर ते वसूल व्हायला चौदा वर्षं, तोवर तुमची मुलगी दहावीचं दप्तर आवरत असेल. हायब्रिड घ्यायची तर बिघाड कमी म्हणून घ्या. खरा खड्डा इन्शुरन्समध्ये आहे, इथे अपघात न करता किती वर्षं चालवली त्यावर हप्ता ठरतो, आणि भारतातली वर्षं बहुतेक कंपन्या धरत नाहीत, पुण्यात पंधरा वर्षं कर्वे रोडवर गाडी मारलेली असली तरी इथे तुम्ही नवशिके. तेव्हा गाडी पसंत करायच्या आधी तिचा इन्शुरन्सचा भाव ऑनलाइन काढून बघा, दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या हप्त्यात चांगला फरक निघतो.

घेताना डीलरकडून घ्या, थोडे जास्त गेले तरी. डीलरला जुन्या गाडीतल्या दोषांची निदान एक वर्ष जबाबदारी कायद्याने घ्यावी लागते, खासगी विकणारा ती एका वाक्यात झटकतो. पण करारावर ‘इम कुंडेनआउफट्राग’ लिहिलंय का ते बघा, म्हणजे ग्राहकाच्या वतीने विकतोय, ही डीलरची हात झटकायची वाट. ट्यूफ (गाडीची सक्तीची तपासणी) किती महिन्यांचा उरलाय ते विचारा, दर दोन वर्षांनी तो करावाच लागतो, विकायच्या आधी ताजा करून द्यायला सांगा, नाही म्हणाला तर का नाही म्हणतोय याचा विचार करा. ‘आख्टफाख’ म्हणजे आठही टायर, उन्हाळ्याचे चार हिवाळ्याचे चार, किमतीत आहेत का, आणि हिवाळ्याच्यांवर डोंगर आणि बर्फाचा शिक्का आहे का, कारण ऑक्टोबर २०२४पासून त्याशिवाय चालत नाही. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं असं आधीच फोनवर सांगून ठेवा. गेल्यावर बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर त्याने काहीतरी लपवायला ती आधीच चालू करून ठेवलीये. डिकीतलं कार्पेट उचलून खालच्या खळग्यात ओल आहे का बघा. बाबागाडी बरोबर न्या आणि तिथेच आत घालून बघा, लाज वाटू देऊ नका, जर्मन लोक तर कुत्रा घालून बघतात.

आणि एक राहिलंच, लायसन्स खिशातून काढा आणि मागे ७८ हा आकडा छापलाय का बघा. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली असेल तर तो असू शकतो, आणि असला तर मॅन्युअल गाडी तुम्हाला चालवताच येणार नाही. तसं असेल तर ऑरिस घ्या आणि वहिनींना सांगा की तुमचंच ऐकलं.

प्रश्न (हानोफरहून) : आम्हाला तिसरं बाळ होणार आहे. आमच्या कोंबीत मागे तीन चाइल्ड सीट बसतील का?

उत्तर : अभिनंदन! बहुतेक नाही बसणार. मधली सीट अरुंद असते आणि आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायच्या कड्या) बहुतेक गाड्यांत फक्त कडेच्या दोघांना. मोठ्याला बूस्टरवर पुढे बसवता येतं, इथे त्याला मनाई नाही, पण मग तुम्ही दोघं कधीच शेजारी बसणार नाही. २०१५नंतरची फोक्सवागन टूरान बघा, मधल्या रांगेत तीन सुट्या सीट आणि तिन्हींना आयसोफिक्स. दिसायला डबा आहे, पण तीन मुलं झाल्यावर गाडी कशी दिसते ते बघायला वेळ कुणाला असतो.

प्रश्न (पुण्याहून, मुलाकडे अंक वाचणारे एक आजोबा) : मी जर्मनीत मुलाची कोंबी चालवली, फार आवडली. पुण्यात जुनी ऑक्टाविया कॉम्बी मिळत्येय, घेऊ का?

उत्तर : काका, हौस म्हणून घ्यायची आणि घरात दुसरी गाडी असेल तर घ्या. रोजच्याला नको, वीसेक वर्षांच्या गाडीची मागची काच किंवा दिवा फुटला तर पार्ट शोधण्यात महिना जाईल. आपल्याकडची खरी कोंबी म्हणजे एर्टिगाच, मागची रांग पाडून टाका, ५५० लिटर डिकी होते आणि पाच जण मजेत बसतात. सीएनजी घेतलीत तर रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी, पण टाकी डिकीत येते, आणि तुम्हाला आवडली होती ती नेमकी डिकीच ना?