आजीच्या ऑपरेशननंतर महिनाभरासाठी व्हीलचेअर मुंबईत कुठे मिळेल?

महिनाभरच लागणार असेल तर विकत घेऊ नका. आधी आपल्याच भागात चौकशी करा. मुंबईत कितीतरी गणेशोत्सव मंडळं, रोटरी-लायन्सचे क्लब आणि जैन संघ रुग्णसाहित्य केंद्र चालवतात. खुर्ची, वॉकर, कमोड चेअर अनामत रकमेवर मिळते, वस्तू परत केली की पैसे परत. आधार कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा. तिथे नाही जमलं तर हॉस्पिटलजवळच्या सर्जिकल दुकानात भाड्याने मिळते. प्रिन्सेस स्ट्रीटला तर अशा दुकानांची रांगच आहे.

पण त्याआधी टेप घेऊन घरातले दरवाजे मोजा, हे मी कळकळीने सांगतेय. माझ्या आईच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर आम्ही घाईत खुर्ची आणली आणि ती बाथरूमच्या दारातच अडकली. साधी खुर्ची बाहेरून बाहेर २४ ते २६ इंच भरते, आपल्या वन बीएचकेतलं बाथरूमचं दार कधीकधी तेवढंही नसतं. जुन्या बिल्डिंगची लिफ्टही मोजा. शेवटी आम्ही आत वेगळी कमोड चेअर ठेवली.

गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर पाय सरळ वर ठेवता येईल असा फूटरेस्ट मागा. खुर्चीचे हात काढता येणारे असले तर पलंगावरून खुर्चीत सरकवणं फार सोपं जातं. ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक लावून खुर्ची ढकलून बघा, हलली तर दुसरी मागा. आणि डिस्चार्जच्या दोन दिवस आधीच घरी आणून ठेवा.