तर्क चांगला आहे, मग इंजिनिअरिंग का नको?

ताई नमस्कार, पत्र वाचून आधी हसूच आलं. कोथरूडचं घर, मुलगा बारावी सायन्सला, जेईई सोडून लॉ करतो म्हणतोय, आणि जेवताना कल्याणीनगरच्या अपघातावरून (अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांना उडवलं, तोच) बापलेकाची जुंपली. बाबा म्हणाले दोन जीव गेले आणि शिक्षा काय तर 300 शब्दांचा निबंध, तो म्हणाला निबंध ही शिक्षा नव्हतीच, आणि तुम्हाला धास्ती की गुन्हेगाराची बाजू घेणारं हे पोरगं पुढे काय करणार.

राग मानू नका, पण पोरगं बरोबर बोललं. मे 2024 मध्ये बाल न्याय मंडळाने निबंध सांगितला तो जामिनाची अट म्हणून, खटला तर सुरूही झाला नव्हता. अट योग्य होती का हा वेगळा प्रश्न (मला विचाराल तर नव्हती), पण जामीन वेगळा, शिक्षा वेगळी हे त्याला दिसलं, तेव्हा अर्ध्या पुण्याला दिसलं नव्हतं.

बाबांचंही चूक नाही हं. जरब बसली पाहिजे, केलं ते भोगलं पाहिजे, सुधारायला संधी द्या, घरोघरी जे बोललं जातं तेच लॉच्या वर्गात शिक्षेच्या थिअरी म्हणून शिकवतात. पण कोर्टात नुसती थिअरी चालत नाही. 1980 च्या बच्चन सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 असं ठरवलं की फाशी घटनेत बसते पण दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्येच, आणि तेव्हापासून एक वकील म्हणतो आमची केस त्यात येते, दुसरा म्हणतो येत नाही, आणि दोघांच्या हातात निकाल तोच! गणितासारखं मागच्या पानावर उत्तर नसतं, म्हणून तर्क चांगला असलेली काही मुलं इथे वैतागतात.

म्हणून एक करा, त्याला बाबांची बाजू एक पान लिहायला सांगा, बाबांना पटेल अशी, टोमणे न मारता. जमलं आणि मजा आली तर लॉ. फक्त स्वतःचीच बाजू लढवता येत असेल तर ती नुसती हौस, तिच्यासाठी फॅमिली ग्रुप आहेच की. मग बच्चन सिंग केसमध्ये एकटे विरोधात गेलेले न्या. भगवती, त्यांचं मत वाचू दे, जड आहे, दहा पानांत झोपला तरी कळेलच काय ते.

क्लॅटमध्ये (राष्ट्रीय लॉ विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) 120 प्रश्न, 2 तास, आणि लीगल रिझनिंगला उतारा देऊन नियम लावायला सांगतात, पाठांतर फारसं नाही. राज्याची लॉ सीईटी वेगळी, दोन्ही फॉर्म भरा. आणि कोर्टात प्रॅक्टिस करायची म्हणाला तर सुरुवातीची काही वर्षं सीनियरकडे हातात फार काही पडत नाही, त्याचा हिशोब बाबांसोबत आत्ताच बसून करा, निबंधाचा विषय न काढता.