‘मी कुणाचे वाईट करत नाही’ एवढे पुरेसे आहे का?

तुम्ही विचारले आहे की, ‘मी कुणाच्या अध्यात नसतो की मध्यात नसतो, खोटे बोलत नाही, कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत. लोक मला भिडस्त म्हणतात आणि त्याचा फायदाही घेतात. मग मी चांगला माणूस आहे का, आणि चांगला माणूस म्हणजे नेमके काय?’

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी चांगल्याच आहेत, पण त्यांवरून तुम्ही काय करत नाही एवढेच कळते. माझ्या मते, ज्याचे आपल्यावाचून अडले आहे आणि ज्याला आपली परतफेड कधीच करता येणार नाही, अशा माणसाशी आपण कसे वागतो यावरून आपला चांगुलपणा ठरतो. साहेबाशी, व्याह्यांशी, शेजाऱ्यांशी आपण सगळेच बरे वागतो, कारण तिथे आपलेही काही ना काही अडलेले असते.

हे मत माझ्या नोकरीतून बनले. मी बरीच वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर कारकून होतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती जागा किरकोळ वाटते, परंतु पहाटेच्या एसटीने दूरच्या खेड्यातून आलेल्या माणसासाठी त्या दिवशी त्या खिडकीएवढी सत्ता दुसऱ्या कुणाकडेही नसते. ‘उद्या या’ असे सांगणाऱ्याचे काहीच जात नाही. ऐकणाऱ्याची मात्र एका दिवसाची मजुरी बुडते, जाण्यायेण्याच्या भाड्याची पुन्हा तजवीज करावी लागते आणि दुखणे अंगावर काढण्यात आणखी एक दिवस जातो. पुष्कळांच्या बाबतीत तो ‘उद्या’ उजाडतच नाही, कारण पुन्हा येणे त्यांना परवडत नाही.

आमच्या खिडकीवर एक ज्येष्ठ बाई होत्या. तोंडाने फटकळ, आवाज चढा, रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला चारचौघांत फैलावर घेणाऱ्या. त्यांना कुणी गोड स्वभावाच्या म्हटले नसते. पण खिडकीशी आलेली म्हातारी ‘वय काय ठाऊक बाई’ असे म्हणाली, की अंदाजे साठ लिहून कागद पुढे सरकवणे त्यांना जमत नसे. ‘बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं होतं का तुमचं? खडी फोडायला जात होतात का? कडेवर पोर होतं का तेव्हा?’ असे विचारत विचारत त्या खऱ्या वयाच्या जवळपास पोहोचत. बाह्यरुग्ण विभागातल्या खोल्यांवर आकडे लिहिलेले होते, पण वाचता न येणाऱ्याला आकड्यांचा काय उपयोग, म्हणून त्या वाट तोंडी सांगत: ‘पिण्याच्या पाण्याची टाकी लागेल, तिथून डाव्या हाताला, बाहेर लाकडी बाक आहे ती खोली.’ आणि एवढ्यावर न थांबता, ‘आता मला सांगा, कुठं जाणार?’ असे उलट विचारून खात्री करून घेत. ओपीडीची वेळ संपत आली की त्या खुर्ची सोडून बाहेर येत, रांगेच्या शेपटाशी जात आणि लांबच्या गावाहून आलेल्यांची चौकशी करून त्यांचे कागद आधी काढत.

याउलट दुसरे एक सहकारी अतिशय मृदुभाषी होते. ‘काका, बसा ना’, ‘मावशी, दमलात का’ असे त्यांचे बोलणे. पण काम चहाच्या सुट्टीच्या जवळ आले की तितक्याच गोडव्याने ते माणसाला परत पाठवत. लोक त्यांना देवमाणूस म्हणत. मला या गोष्टीचे तेव्हाही वाईट वाटे आणि आजही वाटते, कारण ज्यांना परत पाठवले जात होते तेच त्यांची स्तुती करत होते. गोड बोलणे ही मोठीच गोष्ट आहे, दुखणेकऱ्याला तर तिची फार गरज असते, पण पोटी कळकळ नसलेले गोड बोलणे अडलेल्याचे काम पुढे नेत नाही. चांगुलपणाला लक्ष लागते, आपल्या कामाची माहिती लागते आणि समोरच्याची अडचण नेमकी कुठे आहे हे शोधण्याचे कष्ट घ्यावे लागतात. हा बौद्धिक भाग आपण विसरतो आणि चांगुलपणा म्हणजे निव्वळ मऊ मन असे धरून चालतो.

या दृष्टीने मला गाडगे महाराजांचा विचार नेहमी करावासा वाटतो. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले आणि डेबूजी आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आजोळी वाढले. मामा निरक्षर होते. सावकाराने कागदपत्रे करून त्यांची शेतजमीन गिळली. अक्षर न येणारा माणूस कागदापुढे किती असहाय होतो हे डेबूजींनी घरातच पाहिले होते. पुढे कीर्तनातून ‘घरातली भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला’ अशा अर्थाचे जे ते आयुष्यभर सांगत राहिले, त्यामागे हा भोगलेला अनुभव होता. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, नवसाचे बोकड कापू नका, दारू पिऊ नका, ही त्यांची शिकवण अशीच होती. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी जातभाईंच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण न देता गोडाचे जेवण दिले होते, म्हणजे सुरुवात घरापासून केली होती.

डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हातात खराटा अशा वेशात हा माणूस गावात शिरे, आधी रस्ते आणि गटारे झाडून काढी आणि रात्री कीर्तन करी. हे चित्र सर्वांना माहीत आहे. शाळेच्या भिंतींवर ते रंगवलेले असते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी धर्मशाळांसाठी केलेली जागांची निवड. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी, जिथे गरीब यात्रेकरू उघड्यावर झोपत, तिथे त्यांनी निवारा उभा केला. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे, म्हणून तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत १९५४ साली जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांबरोबर आलेल्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. रुग्णाला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेली आई, बायको किंवा भाऊ रात्री कुठे पडतो, कुठे चूल मांडतो, हा प्रश्न मोठमोठ्या शिकलेल्या लोकांच्या लक्षात येत नाही. रुग्णालयात नोकरी केलेला माणूस म्हणून मी सांगतो, जिन्याखाली आणि व्हरांड्यात पथाऱ्या टाकलेली ती माणसे कुठल्याही नोंदवहीत नसतात. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाला ती दिसली.

लाखो रुपयांच्या इमारती लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, पण ते स्वतः शेवटपर्यंत गाडग्यात मागून आणलेली भाजी-भाकरी खात राहिले आणि त्या पैशाचा लाभ आपल्या कुटुंबाला होऊ न देण्याबाबत ते फार कडक होते.

इथे एक अवघड प्रश्न मात्र उभा राहतो, आणि तुमच्या प्रश्नाचा विचार करताना तो टाळता येत नाही. १९०५ साली त्यांनी घर सोडले, तेव्हा मागे आई सखुबाई, पत्नी कुंताबाई आणि मुले होती. समाजाला जे मिळाले त्याची किंमत या घरानेही मोजली आहे, आणि गौरवाच्या भाषणांतून कुंताबाईंचे नाव क्वचितच घेतले जाते याची मला खंत वाटते. बाबांच्या थोरवीला यामुळे बाध येतो असे मी म्हणणार नाही. त्यांनी स्वतःसाठी तर काहीच ठेवले नव्हते. पण आपल्यासारख्या संसारी माणसाने त्यांच्याकडून खराटा घ्यावा, गृहत्याग घेऊ नये. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे, बाहेर दानशूर आणि घरात बायकोच्या औषधाच्या बिलावरून कुरकुर करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. आपल्या चांगुलपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो आहे, हे तपासण्याची सवय ज्याला नाही त्याच्या दानतीवर माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

तुमच्या भिडस्तपणाचे उत्तरही मला इथेच सापडते. लोक तुमचा फायदा घेतात असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा ‘हो’ म्हणण्यापूर्वी, हे ‘हो’ नक्की कोण फेडणार आहे, असा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आमच्या त्या बाई पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आलेल्यालाही रांगेत उभे करत, कारण त्याला आधी कागद दिला असता तर त्याची किंमत उन्हात ताटकळणाऱ्यांनी दिली असती. त्यांचा तो नकार हाही चांगुलपणाच होता, आणि त्यासाठी त्यांना वरिष्ठांची बोलणीही खावी लागत.

समजा, एखाद्या ओळखीच्या माणसाने पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहायला सांगितले आणि तो हप्ते भरणार नाही हे तुम्हाला दिसत असूनही केवळ भिडेपोटी तुम्ही सही केलीत, तर वसुलीची नोटीस तुमच्या घरी येईल आणि ती तुमच्या मुलांच्या फीच्या पैशातून भागवावी लागेल. अशा वेळी त्याला त्याच दिवशी आणि तोंडावर स्पष्ट नकार द्या, म्हणजे त्याला दुसरीकडे पाहायला वेळ मिळेल. ‘बघतो, करतो’ म्हणून त्याला आशेवर ठेवू नका. आणि त्याची गरज खरी असेल, घरात आजारपण असेल किंवा मुलीचा कॉलेजचा प्रवेश अडला असेल, तर घरच्यांशी बोलून, झेपेल तेवढी रक्कम परत येणार नाही असे धरून त्याच्या हातात द्या.